संगीतनिर्मितीसाठी लिनक्स वितरणे

संगीतनिर्मितीसाठी लिनक्स वितरणे म्हणजे ध्वनिमुद्रण, संपादन, मिश्रण, स्वरलेखन आणि वाद्यध्वनींची संगणकीय निर्मिती या कामांना अनुकूल अशी मांडणी करून दिलेली लिनक्स या संचालन प्रणालीची रूपे होत. उबुंटू स्टुडिओ, एव्ही लिनक्स, फेडोरा जॅम ही त्यांतील परिचित नावे. डेबियन, फेडोरा, आर्च यांसारखी सर्वसाधारण वितरणेही थोड्या सिद्धतेनंतर याच कामासाठी वापरली जातात. यांपैकी कोणते निवडावे हा प्रश्न नवशिक्या संगीतकारास हमखास पडतो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा चुकीच्या जागी, म्हणजे सोबत येणाऱ्या प्रोग्रॅमांच्या लांबलचक यादीत, शोधले जाते.

वितरण म्हणजे काय

लिनक्स हे नाव काटेकोरपणे पाहता केवळ गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे आहे. हा गाभा, त्याभोवतीची साधने, पडद्यावरील मांडणी आणि निवडक प्रोग्रॅम एकत्र बांधून, त्यांची परस्परांशी जुळणी तपासून जो संच वापरकर्त्याच्या हाती दिला जातो, त्यास वितरण म्हणतात. आर्डर हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम उबुंटूवर चालवला काय किंवा फेडोरावर चालवला काय, तो आर्डरच असतो. त्याच्या आवाजात वितरणामुळे गोडवा येत नाही की उणीवही येत नाही.

फरक पडतो तो इतर गोष्टींत. प्रोग्रॅमची आवृत्ती किती नवी मिळते, गाभ्याची मांडणी कशी केलेली आहे, ध्वनीच्या कामाला अग्रक्रम देण्याची परवानगी वापरकर्त्यास आधीच दिलेली आहे की ती स्वतः मिळवावी लागते, नव्या आवृत्त्या किती वारंवार येतात आणि जुन्या आवृत्तीची देखभाल किती काळ होते, या त्या गोष्टी होत. शिवाय त्या वितरणामागे एक व्यक्ती आहे की मोठा समुदाय, हाही प्रश्न असतो. पहिल्या दिवशी तो कुणी विचारत नाही, पण चार वर्षांनी तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

विलंबाचा प्रश्न

संगीतासाठी वेगळे वितरण असावे ही कल्पना मुख्यतः एका अडचणीतून जन्मास आली. ती अडचण विलंबाची. मायक्रोफोनातून आलेला ध्वनी संगणक एकेक नमुना करून हाताळत नाही. तो ठरावीक संख्येच्या नमुन्यांची खेप साठू देतो, तिच्यावर प्रक्रिया करतो आणि मग ती बाहेर पाठवतो. या खेपेस बफर म्हणतात. दर सेकंदास ४८,००० नमुने घेतले जात असतील आणि खेप १०२४ नमुन्यांची असेल, तर एक खेप भरण्यास सुमारे २१.३ मिलिसेकंद लागतात. खेप २५६ नमुन्यांची असेल तर ५.३ आणि ६४ची असेल तर अवघे १.३ मिलिसेकंद. प्रत्यक्षात अशा दोन किंवा तीन खेपा एकामागोमाग रांगेत असतात. ध्वनीचे अंकांत आणि अंकांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर होण्यासही काही वेळ जातो. म्हणून २५६ नमुन्यांच्या दोन खेपा धरल्या तरी विलंब १० मिलिसेकंदांच्या वर जातो.

हा आकडा मोठा की लहान? हवेत ध्वनी दर सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर अंतर कापण्यास त्याला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. तेव्हा १० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे साथीदार साडेतीन मीटरांवर बसल्यासारखे झाले. मैफलीच्या मंचावर एवढे अंतर असतेच आणि त्याबद्दल कुणी तक्रार करीत नाही. मात्र स्वतःच्याच वाद्याचा किंवा गळ्याचा आवाज हेडफोनमधून उशिरा ऐकू येणे ही निराळी गोष्ट आहे. गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून तत्क्षणी ऐकू येत असतो. त्यावर हेडफोनमधला उशिराचा आवाज येऊन पडला की सूर लावणे अवघड होते. कीबोर्डची पट्टी दाबल्यावर संगणकातील वाद्य उशिरा वाजले तर लय हातातून सुटते.

खेप लहान केली म्हणजे विलंब कमी होतो, पण संगणकाला प्रत्येक खेपेसाठी मिळणारा अवधीही तेवढाच कमी होतो. तो अवधी चुकला की ध्वनीत खंड पडतो आणि 'टक्' असा आवाज येतो. जाणकार यास एक्सरन म्हणतात. संगणकाची एकूण शक्ती पुरेशी असूनही हे घडू शकते. कारण सरासरी वेग कितीही असला तरी येथे प्रश्न असतो तो प्रत्येक वेळी वेळेवर हजर राहण्याचा. वाय-फाय यंत्रणा, चित्रपत्र किंवा वीज वाचविण्याची एखादी सोय गाभ्याला क्षणभर अडवून धरते आणि तेवढ्यात खेप रिकामी जाते.

यावर उपाय म्हणून गाभ्यात दोन प्रकारची व्यवस्था करावी लागते. पहिली अशी की ध्वनीच्या कामाला इतर सर्व कामांपेक्षा वरचा अग्रक्रम घेता यावा आणि त्याने व्यापलेली स्मृती डिस्कवर ढकलली जाऊ नये. सर्वसाधारण वितरणांत ही मुभा सामान्य वापरकर्त्यास पूर्णपणे दिलेली नसते. वापरकर्त्याचे नाव 'ऑडिओ' नावाच्या गटात घालून आणि एका लहानशा फाइलीत मर्यादा नोंदवून ती मिळवावी लागते. दुसरी व्यवस्था अशी की गाभा स्वतःच्या कामात गुंतलेला असतानाही त्याला मध्येच थांबवता यावे. त्यासाठीचा रिअलटाइम बदलसंच अनेक वर्षे मुख्य गाभ्याच्या बाहेर राहिला होता. ज्याला तो हवा असे त्याने गाभा स्वतः बांधावा किंवा कुणी बांधून दिलेला घ्यावा, अशी स्थिती होती. २०२४ मध्ये गाभ्याच्या ६.१२ या आवृत्तीत तो मुख्य प्रवाहात समाविष्ट झाला. दरम्यानच्या काळात सर्वसाधारण गाभाही इतका सुधारला, की आरंभीच्या सूचनांत एखाददुसरा पर्याय जोडला असता तो बहुतेक घरगुती स्टुडिओंची गरज भागवतो. विशेष वितरणांच्या बाजूने जो सर्वांत सबळ युक्तिवाद होता, तो त्यामुळे पूर्वीइतका सबळ उरलेला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ज्याला केवळ गायन किंवा प्रत्यक्ष वाद्य मुद्रित करावयाचे आहे, त्याला विलंबाची चिंता फारशी करावी लागत नाही. बहुतेक बाह्य ऑडिओ इंटरफेसांत मायक्रोफोनचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनकडे वळवण्याची सोय असते. ती वापरली की विलंबाचा प्रश्नच उरत नाही आणि खेप खुशाल १०२४ची ठेवता येते. मुद्रण झालेल्या पट्ट्यांचे मिश्रण करतानाही मोठी खेपच हिताची. लहान खेपेची खरी गरज भासते ती संगणकातील वाद्य कीबोर्डवरून प्रत्यक्ष वाजवणाऱ्यास, किंवा गिटार संगणकातील अ‍ॅम्प्लिफायरमधून ऐकत वाजवणाऱ्यास.

ध्वनियंत्रणेचे थर

लिनक्सवरील ध्वनीची व्यवस्था थराथरांची आहे आणि तिच्याविषयीचा गोंधळ हे नवशिक्यांच्या माघारीचे एक मोठे कारण राहिले आहे. सर्वांत खालचा थर आल्सा. जरोस्लाव किसेला यांनी १९९८च्या सुमारास सुरू केलेली ही व्यवस्था २००३च्या अखेरीस आलेल्या २.६ या गाभ्यात समाविष्ट झाली आणि तिने आधीच्या ओपन साउंड सिस्टिमची जागा घेतली. ध्वनिपत्राशी प्रत्यक्ष बोलणारा थर तो हाच.

त्यावर दोन वेगळ्या गरजांसाठी दोन वेगळ्या व्यवस्था उभ्या राहिल्या. आर्डरचे कर्ते पॉल डेव्हिस यांनी जॅक निर्माण केली. तिच्यामुळे एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात असा तारा जोडल्यासारखा नेता येऊ लागला आणि तोही अल्प विलंबाने. दुसरीकडे चित्रपट पाहणे, गाणी ऐकणे, संवाद साधणे अशा रोजच्या वापरासाठी पल्सऑडिओ आली. तिचे कर्ते लेनार्ट पॉटरिंग. या दोघींचे एका ध्वनिपत्रावर जमत नसे. जॅक चालू केली की ब्राउझर मुका होई, आणि पल्सऑडिओने पत्र धरून ठेवले की जॅक सुरूच होत नसे. संगीतासाठीच्या वितरणांनी या दोघींत समेट घडवून आणण्याची कामगिरी अनेक वर्षे पार पाडली, आणि तीच त्यांची सर्वांत उपयुक्त सेवा होती असे म्हणावे लागते.

ही अडचण पाइपवायरने दूर केली. रेड हॅट या कंपनीतील विम टेमन्स यांनी विकसित केलेली ही व्यवस्था जॅकसाठी लिहिलेले आणि पल्सऑडिओसाठी लिहिलेले असे दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम एकाच वेळी चालवते. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या फेडोरा ३४ने ती प्रथम मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली. पुढे उबुंटूने २२.१० या आवृत्तीपासून तोच मार्ग धरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाइपवायरची १.० आवृत्ती आली. अतिशय लहान खेपेवर काम करणारे काही जण आजही स्वतंत्र जॅकलाच पसंती देतात. इतरांनी आज वितरण निवडताना पाइपवायर मूळ व्यवस्था म्हणून आहे एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

इतिहास

संगीतासाठी लिनक्सची स्वतंत्र मांडणी करण्याचे आरंभीचे प्रयत्न विद्यापीठांतून आणि संगीत संशोधन केंद्रांतून झाले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणक-संगीत केंद्रात फर्नांडो लोपेझ-लेझकानो यांनी 'प्लॅनेट सीसीआरएमए' हा संग्रह उभा केला. तो पूर्ण वितरण नव्हता. आधी रेड हॅटवर आणि पुढे फेडोरावर चढवावयाचा संगीतविषयक प्रोग्रॅमांचा आणि सुधारलेल्या गाभ्याचा तो साज होता. केंद्रातील संगणकांसाठी जे करावे लागे तेच बाहेरच्या जगालाही खुले करावे, अशी त्यामागील साधी कल्पना होती.

युरोपात २००२ ते २००४ या काळात युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्याने 'अग्नुला' प्रकल्प चालला. त्याचे सूत्रसंचालन फ्लोरेन्स येथील 'तेम्पो रेआले' या केंद्राकडे होते. हे केंद्र इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांनी स्थापन केलेले. प्रकल्पातून डेबियनवर आधारित 'डेमुडी' आणि रेड हॅटवर आधारित 'रेहमुडी' ही दोन वितरणे निघाली. अनुदानाचा काळ संपल्यावर प्रकल्पाचा वेगही ओसरला. डेमुडीच्या अनुभवातून पुढे '६४ स्टुडिओ' हे वितरण आले. तेही काही वर्षांनी थांबले. अर्जेंटिनातून आलेले 'म्यूझिक्स' हे संपूर्ण मुक्त आज्ञावलीचा आग्रह धरणारे वितरण होते. त्याचा विकासही मंदावत गेला.

ही नामावळी सांगण्याचे कारण केवळ इतिहास नव्हे. या प्रत्येक वितरणावर कुणीतरी आपली गाणी रचलेली होती. वितरण थांबले की सुरक्षेची सुधारणा येणे थांबते, नवे ध्वनिपत्र ओळखले जात नाही, आणि वापरकर्त्यास आपला सगळा संसार नव्या घरात हलवावा लागतो. म्हणून एखाद्या वितरणाची मांडणी किती देखणी आहे याच्याइतकेच त्याच्या पाठीशी कोण आहे हे पाहणे गरजेचे ठरते.

प्रमुख वितरणे

उबुंटू स्टुडिओ हे यांतील सर्वाधिक परिचित. त्याची पहिली आवृत्ती मे २००७ मध्ये, उबुंटू ७.०४ वर आधारित अशी आली. उबुंटूचे अधिकृत उपवितरण असल्याने त्याचा पाया उबुंटूचाच आहे. अनेक वर्षे एक्सएफसीई ही हलकी मांडणी वापरल्यावर २०.१० या आवृत्तीपासून त्याने केडीई प्लाझ्मा स्वीकारली. दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीची देखभाल तीन वर्षे होते, तर मधल्या आवृत्त्यांची केवळ नऊ महिने. ध्वनिमुद्रणासाठी संगणक वापरणाऱ्याने मधल्या आवृत्त्यांच्या वाटेस जाण्याचे काही कारण नाही. आर्डर, ऑडॅसिटी, हायड्रोजन, कार्ला इत्यादी प्रोग्रॅम त्यात आधीपासून असतात, शिवाय चित्र आणि चलच्चित्र यांचेही. साहजिकच संच अवजड होतो आणि त्यातील अर्धेअधिक प्रोग्रॅम एखादा वापरकर्ता कधीच उघडत नाही. ज्याच्याकडे साधे उबुंटू किंवा त्याचे दुसरे अधिकृत उपवितरण आधीच आहे, त्याला पुनर्स्थापना न करता स्टुडिओचा साज त्यावर चढवता येतो. ही सोय फारशी लोकांना ठाऊक नसते.

एव्ही लिनक्स हे कॅनडातील ग्लेन मॅकआर्थर यांचे काम. आरंभापासून डेबियनच्या पायावर असलेले हे वितरण अलीकडे एमएक्स लिनक्सवर आधारित 'एमएक्स एडिशन' या रूपात निघते. स्वतः ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने आपल्या सोयीचा संगणक जसा मांडावा तशी त्याची मांडणी आहे आणि त्याच्या सविस्तर मार्गदर्शक पुस्तिकेची ख्याती आहे. ती पुस्तिका इतर वितरण वापरणाऱ्यांनीही वाचावी अशी आहे. मात्र हे बहुतांशी एका माणसाच्या श्रमावर उभे असलेले वितरण आहे, हे निवड करताना विसरता येत नाही. दिलासा एवढाच की खालचा पाया डेबियनचा आहे आणि तो एका माणसावर अवलंबून नाही.

फेडोरा जॅम ही फेडोराची संगीतासाठीची मांडणी. नवीन गाभा आणि नवीन पाइपवायर यांचा लाभ येथे लवकर मिळतो. फेडोराच्या आवृत्त्या सुमारे सहा महिन्यांनी येतात आणि प्रत्येकीची देखभाल सुमारे तेरा महिने होते. म्हणजे वर्षातून एकदा तरी श्रेणीवाढ करणे अटळ आहे.

डेबियन हे या सर्वांत धीमे आणि स्थिर. त्याची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तोवर प्रोग्रॅमांच्या आवृत्त्या गोठवलेल्या असतात. संगीतकाराला ही गोठण एकाच वेळी वरदान आणि अडचण वाटते. काल चालणारे सत्र आज चालणारच, पण नव्या प्लगइनची वाट पाहावी लागणार. ही उणीव केएक्सस्टुडिओचे संग्रह काही अंशी भरून काढतात. पोर्तुगीज विकासक फिलिपे कोएल्यो यांचा हा उपक्रम. एके काळी केएक्सस्टुडिओ हे स्वतंत्र वितरणही होते. आता डेबियन आणि उबुंटूच्या वापरकर्त्यांनी जोडून घ्यावयाचे प्रोग्रॅमांचे संग्रह आणि कार्लासारखी साधने एवढ्यापुरते ते उरले आहे. वितरण चालवण्यापेक्षा हे अधिक टिकाऊ ठरले.

आर्च लिनक्सची गोष्ट निराळी. त्यात ठरावीक आवृत्ती नसते आणि अद्ययावत प्रोग्रॅम अखंड येत राहतात. संगीताच्या प्रोग्रॅमांचा एक स्वतंत्र गट तेथे आहे, आणि अग्रक्रमाची परवानगी देणारे पॅकेजही तयार मिळते. स्वतः सर्व जुळवून घेण्याची आवड असणाऱ्यास आर्चसारखे दुसरे नाही. मात्र ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री अद्ययावतीकरण करणाऱ्या माणसासाठी ते नव्हे.

यंत्रसामग्री

वितरणाच्या निवडीपेक्षा ऑडिओ इंटरफेसची निवड अधिक परिणामकारक असते. यूएसबीच्या ठरवून दिलेल्या ध्वनिमानकानुसार चालणारे इंटरफेस कोणत्याही वितरणावर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, कारण त्यांचा आधार गाभ्यातच असतो. विकत घेण्यापूर्वी हे ओळखण्याची एक सोपी खूण अशी, की जो इंटरफेस आयपॅडवर वेगळा ड्रायव्हर न घालता चालतो तो बहुधा लिनक्सवरही चालतो. अडचण येते ती आतल्या मिश्रकाची. काही उत्पादकांच्या इंटरफेसमधील जोडण्या बदलण्याचा प्रोग्रॅम केवळ विंडोज आणि मॅकसाठी असतो. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेसाठी स्वयंसेवकांनी गाभ्यात तशी सोय केली आहे आणि तिच्यासाठी खिडकीयुक्त नियंत्रकही लिहिला आहे. सर्वच इंटरफेसांचे भाग्य असे नसते. अंतर्गत फर्मवेअर अद्ययावत करण्यासाठी पुष्कळदा दुसऱ्याचा विंडोज संगणक मागावा लागतो.

संगणकात काय चालते आणि काय अडते, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच. बहुतेक वितरणे पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येतात. इंटरफेस जोडून, मायक्रोफोन लावून तासभर मुद्रण करून पाहावे. प्रोसेसरचा वेग वीज वाचविण्यासाठी खाली-वर होऊ न देणे आणि मुद्रणाच्या वेळी वाय-फाय बंद ठेवणे, या दोन साध्या गोष्टींनी पुष्कळ 'टक् टक्' थांबते. गाभा बदलण्याचा खटाटोप त्यानंतर करावा.

आज्ञावली आणि प्लगइन

मुक्त प्रोग्रॅमांपैकी आर्डर हा अनेकपट्टी ध्वनिमुद्रणासाठी, रोझगार्डन आणि क्यूट्रॅक्टर हे मिडीप्रधान रचनेसाठी, एलएमएमएस हा तालबद्ध तुकडे जुळवण्यासाठी, म्यूझस्कोअर हा पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी, गिटारिक्स गिटारसाठी आणि झिनअ‍ॅडसबएफएक्स हा ध्वनिनिर्मितीसाठी वापरला जातो. सीसाउंड, प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर ही संगीताला प्रोग्रॅमिंगच्या मार्गाने भिडणाऱ्यांची साधने आहेत. व्यापारी प्रोग्रॅमांपैकी बिटविग स्टुडिओ, रीपर, रिनॉइझ, पियानोटेक यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या मिळतात. एबलटन लाइव्ह, क्यूबेस, प्रो टूल्स, लॉजिक आणि एफएल स्टुडिओ यांच्या मिळत नाहीत. यांपैकी एखाद्यावर ज्याचा व्यवसाय चालतो, त्याने लिनक्सकडे वळण्याआधी दोनदा विचार करावा हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

विंडोजसाठीचे प्लगइन वाइन आणि याब्रिज यांच्या साहाय्याने पुष्कळदा चालवता येतात. ज्यांना आयलॉकसारखी नक्कलविरोधी व्यवस्था जोडलेली आहे, त्यांच्याबाबत मात्र भरवसा धरता येत नाही. अशा उधारीवर मोठे काम उभे करणे धोक्याचे. वाइनची आवृत्ती बदलली की आजवर चालणारे प्लगइन मुके होऊ शकते.

व्यापारी प्रोग्रॅम आणि आर्डरची अधिकृत बांधणी ही दोन्ही वितरणाच्या संग्रहाबाहेरून, थेट निर्मात्याकडून घेता येतात. त्यामुळे एक मध्यम मार्ग निघतो. पाया डेबियन किंवा उबुंटूच्या दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीसारखा स्थिर ठेवावा, आणि मुख्य प्रोग्रॅम तेवढा निर्मात्याकडून नवा घ्यावा. फ्लॅटपॅक या बंदिस्त पेटीच्या स्वरूपातही प्रोग्रॅम मिळतात. पण पेटीतल्या प्रोग्रॅमला पेटीबाहेरचे प्लगइन सहसा दिसत नाहीत, हे ठाऊक नसल्याने अनेकांचा दिवस वाया जातो.

कामाच्या मध्यावर असताना संपूर्ण वितरणाची श्रेणीवाढ करू नये, असा या क्षेत्रातील संकेत आहे. सत्र जपून ठेवताना प्रत्येक पट्टी आरंभापासून अखेरपर्यंत सलग अशा साध्या वेव्ह फाइलीच्या स्वरूपातही काढून ठेवावी. आर्डरची सत्रे मजकुराच्या स्वरूपात साठवलेली असल्याने वर्षांनंतरही वाचता येतात, पण त्यातील प्लगइन तोवर नाहीसे झालेले असू शकते. वेव्ह फाइल मात्र कोणत्याही वितरणावर उघडते.

हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने

वितरणांविषयीची बहुतेक चर्चा पट्टीवर पट्टी चढवून आणि चुकलेला तुकडा पुन्हा गाऊन रचल्या जाणाऱ्या संगीतास गृहीत धरून चाललेली असते. ख्यालगायनाचे मुद्रण तसे होत नाही. विलंबित ख्याल चाळीस-पन्नास मिनिटे सलग चालतो आणि तिसाव्या मिनिटाला जमून आलेली जागा पुन्हा गाऊन बसवता येत नाही. अशा वेळी एक एक्सरनही महाग पडतो. म्हणून येथे निकष उलटा होतो. विलंब किती कमी यापेक्षा तासभर अखंड मुद्रण निर्वेधपणे होते की नाही हे पाहावे, खेप १०२४ किंवा त्याहून मोठी ठेवावी आणि ऐकण्यासाठी इंटरफेसमधील थेट मार्ग वापरावा. एक्सरन झाल्यास त्या जागी खूण करण्याची सोय आर्डरमध्ये आहे, ती चालू ठेवावी. एक्सरन होताच मुद्रण थांबवण्याचीही सोय आहे, ती मात्र बंद असल्याची खात्री करून घ्यावी. डिस्कवरील जागेचा हिशेब सोपा आहे. २४ बिट आणि ४८,००० नमुने या प्रमाणावर एका पट्टीचे पन्नास मिनिटांचे मुद्रण सुमारे ४३२ मेगाबाइट होते. गायन, तबला, हार्मोनियम आणि तानपुरा अशा चार पट्ट्यांना पावणेदोन गिगाबाइटच्या आसपास जागा लागते.

संगणकातील वाद्यांचे स्वर मुळात समान अंतराच्या बारा भागांवर लावलेले असतात. तानपुऱ्याच्या षड्ज-पंचमासोबत असा गांधार कानाला चढा लागतो. शुद्ध गांधाराचे ५:४ हे प्रमाण धरले तर समान अंतराचा गांधार त्याहून सुमारे १४ सेंट वर असतो. झिनअ‍ॅडसबएफएक्स आणि सर्ज एक्सटी या प्रोग्रॅमांत स्वरांतरे स्वतः लिहून देण्याची सोय आहे. स्काला या स्वरूपातील फाइल ते स्वीकारतात. त्यामुळे रागानुसार स्वर लावता येतात आणि षड्ज कोणत्याही पट्टीवर ठेवता येतो. हे दोन्ही प्रोग्रॅम वर उल्लेखिलेल्या सर्व वितरणांवर चालत असल्याने येथेही वितरणाच्या नावाने फरक पडत नाही.

स्वरलेखनाची बाजू मात्र दुबळी आहे. म्यूझस्कोअर आणि लिलीपॉण्ड हे पाश्चात्त्य पाच रेघांच्या लिपीसाठी आहेत. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली आणि तार सप्तकाला वर टिंब असते. ही चिन्हे देवनागरी अक्षरांवर लिबरऑफिसच्या तक्त्यात जोडून लिहिता येतात, पण सगळ्याच फाँटांत ती जागेवर बसत नाहीत. देवनागरी टंकन आणि फाइलींना मराठी नावे देणे यांत कोणत्याच प्रमुख वितरणात अडचण येत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक सर्वांत उपलब्ध असतो. डेबियनच्या स्थापनेच्या वेळी भाषांच्या यादीत मराठीचाही पर्याय आहे.